हुरड्याच्या दिवसांत जुन्नरला, पिकत्या शेतावर मुक्काम

जानेवारीत आम्ही जुन्नर तालुक्यात एका शेतावर राहून आलो, मी, नवरा, आई आणि आमची लेक, आणि आल्यापासून व्हॉट्सअॅपवर सगळे तेच विचारतायत, कुठे राहिलात, दिवसभर काय केलं, पोरं कंटाळत नाहीत का. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच निवांत लिहून टाकू. फार काही केलं नाही हे खरं उत्तर आहे आणि इतका मनापासून आराम मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता हेही खरं आहे.

आता पुण्याच्या कुठल्याही बाजूला गेलं तरी अॅग्रो टुरिझम, फार्म स्टे, फार्म रिसॉर्ट असे बोर्ड दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी लॉन असतं, पूल असतो, रेन डान्स असतो आणि शनिवारी रात्री डीजे. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर जावं. मी मागे ऑफिसच्या ग्रुपबरोबर अशाच एका ठिकाणी गेले होते, कुंपणाला लावलेली केळी सोडली तर शेत असं नव्हतंच आणि रात्री दोनपर्यंत स्पीकर चालू, सोमवारी मी आधीपेक्षा जास्त दमून ऑफिसला गेले. म्हणून यावेळी फोन करताना मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, की सध्या तुमच्या शेतात काय चालू आहे. काही जणांनी पूल आणि बोनफायर सांगितलं. एका काकांनी सांगितलं, "द्राक्षाची तोड लागलीय, कांद्याला पाणी चालूय, हुरडा अजून चिकात हाय, आठ दिवसांनी या, आत्ता येऊन उपयोग नाय." गिऱ्हाईक समोरून यायला तयार असताना आठ दिवसांनी या म्हणणारा माणूस, तिथेच बुकिंग केलं.

रस्ता सोपा आहे, पुणे-नाशिक हायवे. चाकण एकदा पार केलं की सुटलात, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव सगळीकडे आता बायपास झालेत, नारायणगाव पुण्यापासून साधारण ७५ किलोमीटर. मुंबईकडून येणाऱ्यांना कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा हा रस्ता जास्त बरा. आम्ही नारायणगाव सोडून पूर्वेला खोडदच्या बाजूला वळलो, दोन्हीकडे ऊस, मध्येच द्राक्षाचे मांडव, मध्येच नुकत्याच लागवड केलेल्या कांद्याचे वाफे, आणि वळणावरून एकदम जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची ती अजस्र डिश. लेकीने गाडी थांबवायलाच लावली. कांद्याच्या रानापलीकडे ४५ मीटर व्यासाची अँटेना उभी आहे, आणि पातळ तारांच्या जाळीची असल्यामुळे तिच्या आरपार आभाळ दिसतं. अशा एकूण ३० अँटेना आहेत, त्यातल्या १४ खोडदजवळ एकत्र आणि बाकीच्या आजूबाजूच्या गावांत तीन दिशांना पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली, आणि हा भाग निवडण्यामागचं एक मोठं कारण म्हणजे इथे माणसाने केलेला रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. आकाशातून येणारे अगदी क्षीण रेडिओ संदेश टिपायचे तर आजूबाजूला शांतता हवी ना. मला ते वाचून इतकं बरं वाटलं की आपण विश्रांतीसाठी जिथे चाललोय ती जागा शास्त्रज्ञांनीसुद्धा शांततेसाठीच निवडलेली. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं, मुलं असतील तर तेव्हाचा बेत करा.

राहायची जागा म्हणजे काका-काकूंचं स्वतःचं घर, त्याच्या शेजारी बांधलेल्या चार खोल्या, समोर शेणाने सारवलेलं अंगण, एक मोठं आंब्याचं झाड आणि झाडाखाली दोन बाजा. खोल्या साध्या पण चकाचक, चादरी उन्हात वाळवलेल्या, बाथरूममध्ये सगळं नीट. एसी नाही, टीव्ही नाही आणि जानेवारीच्या त्या थंडीत दोन्हीची आठवणही आली नाही. पहाटे इतका गारठा की गोधडीच्या बाहेर हात काढवत नाही, आणि अंघोळीचं पाणी मागच्या अंगणात तांब्याच्या बंबात तापत असतं, आई त्या बंबाजवळ खुर्ची टाकून बसली ती उठायलाच तयार नाही.

सकाळचा दिवस तिथे पाचला सुरू होतो पण तुम्हाला कोणी उठवत नाही, हे मला फार आवडलं. वेळापत्रक चिकटवलेलं नाही, आठ वाजता बैलगाडी सफर, नऊ वाजता अमुक असं काही नाही. गोठ्यात दिव्याचा उजेड असतो, धारा काढायचं मशीन सुरू होतं, ज्याला जाग येईल त्याने यावं. लेक पहिल्याच सकाळी काकांबरोबर बाईकवर डेअरीत गेली. या भागात दुधाचा धंदा जोरात आहे, राजुरी वगैरे गावं तर त्यासाठीच ओळखली जातात. डेअरीत प्रत्येकाच्या कॅनमधलं थोडं दूध घेऊन मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) काढतात आणि त्यावर दर ठरतो, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे मूळ धरतात आणि त्याच्या खाली उतरलं की पैसे कापले जातात. काकांच्या चिठ्ठीवर ३.८ आलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती चिठ्ठी खिशात घालून घरी घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवसापासून गायींनी काय खाल्लं याची चौकशी ती स्वतः करायला लागली. कंटाळा येतो का या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

द्राक्षाची तोड मात्र मी बसून बघितली, तासन् तास. मांडवाखाली ऊन गाळून येतं, खाली गार असतं, आणि बायकांची टोळी हातात छोट्या कात्र्या घेऊन कामाला लागलेली असते. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातून या टोळ्या येतात, सगळं काम बोलत बोलत चाललेलं पण हात इतका अचूक. घड नेहमी देठाला धरायचा, मण्यांना बोट लागू द्यायचं नाही, कारण मण्यावर जो पांढुरका थर असतो तो पुसला गेला की माल शिळा दिसतो आणि व्यापारी भाव पाडतो. तोडलेला घड आडवा धरून बारीक, चिरलेला, डागाळलेला मणी कात्रीच्या टोकाने नेमका काढायचा आणि मग हळूच क्रेटमध्ये, देठ वर करून. जंबो नावाचं हे काळं द्राक्ष, मणी बोराएवढा, जुन्नरच्या बाजूला याच्या बागा बऱ्याच आहेत. काकांनी एक मणी पिळून साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकला आणि आम्हाला एकेकाला डोळा लावून बघायला लावलं, निळ्या-पांढऱ्या रेषेवर १८ ब्रिक्स. म्हणजे साखर उतरली, तोडायला हरकत नाही.

मग ते बसून सगळं सांगत होते. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी, आणि गोडी छाटणीनंतर जवळजवळ चार महिने बागेवरची नजर हलवायची नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात, ढगाळ हवा राहिली की भुरी, तीही बुरशीच, आणि अगदी तोडीला आलेल्या मालावर अवकाळी पडला तर मणी तडकतात, एका रात्रीत. जास्त थंडी पडली तर साखरच उतरत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका वर्षी ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला आणि औषधाचा खर्चसुद्धा निघाला नाही, त्याच वर्षी काकूंनी खोल्यांचा विषय काढला. "बाग एकदाच पैसे देती, नाय दिले तर वर्ष गेलं. पाव्हणा दर शनिवारी येतो," हे काकूंचं वाक्य. आज त्या घरातला पोरांचा शिक्षणाचा खर्च खोल्यांवर चालतो आणि बाग बागेच्या जोरावर उभी आहे.

म्हणूनच मला या प्रकाराबद्दल इतकं मनापासून लिहावंसं वाटतंय. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाची रीतसर सुरुवात पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामतीजवळ पळशीवाडीला केली, तेव्हा लोकांना शेत बघायला कोणी पैसे देईल हे खरं वाटत नव्हतं. पुढे २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला आणि २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आलं, त्यामुळे शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. आपण जे पैसे देतो ते ज्याचं शेत आहे त्याच्याच हातात पडावेत, तिथलीच भाजी, तिथलंच दूध, तिथल्याच बाईने केलेली भाकरी, आणि शेत शेतच राहावं. शोभेला एक बैलगाडी आणि चार मडकी ठेवलेल्या ठिकाणी हे होत नाही.

आता हुरडा. यासाठीच तर गेलो होतो. ज्वारीचा दाणा दुधाळ असतो तेव्हा त्याला चव नसते, आणि टणक झाला की संपलं, मधले थोडेच दिवस तो हुरड्याला येतो, बोटाने दाबला की मऊ दबतो पण दूध बाहेर येत नाही. काकांनी म्हणूनच हुरड्याची ज्वारी एकदम पेरलेली नव्हती, आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरली होती म्हणजे पाहुण्यांना फेब्रुवारीपर्यंत मिळत राहतो. जुनी गूळभेंडी थोडी आणि राहुरी विद्यापीठाची फुले मधुर जास्त. संध्याकाळी चारच्या सुमारास रानातच आगटी पेटवली, म्हणजे जमिनीत उथळ खड्डा, त्यात गोवऱ्या, आणि जाळ बसून लालभडक निखारा आणि राख उरली की त्यात कणसं खुपसायची. काका एकेक कणीस बाहेर काढून तळहातावर चोळत होते, इतकं गरम की मला हातात धरवत नव्हतं आणि ते बोलता बोलता चोळतायत, मग फुंकर मारून कोंडा उडवला की हातात हिरवेगार, वाफाळलेले, किंचित धुरकट वासाचे दाणे. त्याबरोबर लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. पहिली ओंजळ पाहुण्याला, मग दुसऱ्याला, जो चोळतो तो शेवटी खातो. बसून घाईने खाताच येत नाही हा पदार्थ, पुढचं कणीस निघेपर्यंत थांबावंच लागतं आणि तोपर्यंत गप्पा होतात.

आई तिथे खूप बोलली. तिचं लहानपण संगमनेरच्या बाजूला शेतातच गेलं, पण लग्नानंतर ती चिंचवडला आली आणि आजोबांची जमीन विकल्यावर तिचं गावाला जाणं बंदच झालं. घरी ती गप्प असते, टीव्ही लावून बसते, गुडघ्यांमुळे खाली उतरत नाही. इथे ती काकूंना सांगत होती की तिच्या वडिलांच्या वेळी मोटेवर पाणी काढायचे आणि तिला बारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, उभं करायचे. काकू म्हणाल्या, "मग मावशी तुम्ही पाव्हण्या कशाच्या, चला मेथी निवडू." आणि दोघी मेथी निवडत बसल्या अंधार पडेपर्यंत. मी बाजेवर आडवी होऊन ते ऐकत होते, मोबाईल खोलीत राहिला होता आणि तो आणायला उठावं असं वाटलं नाही.

जेवणाचं सगळं लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल, पण मासवडी सोडून चालणार नाही कारण जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातली ही खासियत आहे आणि पुण्यात हॉटेलात मिळते ती आणि ही यात फार फरक आहे. नाव मासवडी पण पूर्ण शाकाहारी. बेसन तिखट-मीठ-हळद घालून घट्ट शिजवतात, गरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापतात, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, लसूण, भाजलेला कांदा, खसखस, कोथिंबीर असं कुटलेलं सारण पसरतात आणि फडक्याची टोकं उचलून दोन्हीकडून दुमडून वर बोटांनी दाबत दाबत तिला माशासारखा तिकोनी आकार देतात. काकूंची बोटं त्या फडक्यावरून इतकी झरझर चालली की माझा व्हिडिओ काढायचा राहून गेला. मग काप करून वर काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी आणि फोडलेला कांदा. दुसऱ्या रात्री हुलग्याच्या पिठाची शेंगोळी होती, भरपूर लसूण घातलेली, थंडीत वाटीत घेऊन गरम गरम खायची, लेकीने तीनदा मागून घेतली.

रात्रीबद्दल एक गोष्ट नीट सांगते कारण ती महत्त्वाची आहे. अंधार पडला की अंगणाच्या बाहेर जायचं नाही हे काकूंनी पोचल्या पोचल्या सांगितलं आणि दोनदा सांगितलं. हा बिबट्यांचा तालुका आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्यांना आडोसा मिळाला, त्यांची पिल्लंसुद्धा उसातच जन्मतात. माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे ते याचमुळे. या भागात माणसं दगावली आहेत, लहान मुलंसुद्धा, त्यामुळे यात थ्रिल शोधू नका, रात्री "बिबट्या बघायला नेता का" असं विचारू नका. अंगणात दिवे लावलेले होते, कुंपण होतं, आम्ही आत निर्धास्त होतो. आकाश मात्र अंगणातूनच एवढं दिसत होतं, तिकांडं म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे, त्याच्या खाली झळाळणारा व्याध, वर कृत्तिकांचा पुंजका, काकांनी लेकीला एकेक दाखवला.

पण त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. आम्ही गोधडीत शिरलो आणि काका त्यांच्या मुलाला घेऊन कांद्याला पाणी द्यायला निघाले, हातात मोठी बॅटरी, काठी आणि मोबाईलवर मोठ्याने लावलेली भजनं, आवाज असला की जनावर लांब राहतं म्हणून. लांबून ती भजनं ऐकू येत होती बराच वेळ. दिवसा वीज द्या ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी मी बातम्यांत कितीतरी वेळा वाचली होती, पण ज्याच्या घरी आपण जेवलो तो माणूस तशा अंधारात पाण्याला गेलाय हे माहीत असताना ती मागणी वेगळीच कळते. ही मागणी पूर्ण व्हायलाच हवी.

फिरायला म्हणाल तर एका सकाळी ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेलो, लेण्याद्रीच्या पायऱ्या आईला जमण्यासारख्या नव्हत्या. ओझरचं देऊळ कुकडीच्या काठावर आहे, पाण्याकडून वारा येतो, आई तिथे घाटावर बराच वेळ बसली. नवरा आणि लेक शिवनेरीला जाऊन आले, शिवाई देवीचं मंदिर आणि शिवजन्मस्थान बघून दुपारी जेवायला परत. नाणेघाट आहे, माळशेज आहे, बघायचं ठरवलं तर आठवडासुद्धा पुरणार नाही, पण आरामाला आला असाल तर एका दिवसात एकच ठिकाण करा आणि दुपारी परत येऊन झाडाखाली झोपा. दुपारची ती झोप, वरून आंब्याच्या पानांतून येणारं ऊन, गोठ्यातून कधीतरी हंबरणं, लांब कुठेतरी ट्रॅक्टर. मी पुण्यात दुपारी कधी झोपत नाही, इथे रोज झोपले.

जायचं असेल त्यांच्यासाठी. हुरडा आणि द्राक्षं दोन्ही एकत्र हवी असतील तर जानेवारी मध्य ते फेब्रुवारी मध्य, द्राक्षं मार्चपर्यंत मिळतात. आम्हाला माणशी एका दिवसाचे दीड-दोन हजारांच्या आसपास पडले, त्यात चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, हुरडा वेगळा नाही. स्वेटर, कानटोपी, मोजे घ्याच. बागेत औषध फवारणी चालू असेल त्या दिवशी मुलांना आत सोडू नका, आधी विचारा. द्राक्षं विकत घ्यायची असतील तर तिथेच बागेतून घ्या, क्रेटचा भाव व्यापारी देतो त्यापेक्षा थोडा जास्त द्या, तरी आपल्याला शहरापेक्षा स्वस्तच पडतं. शनिवार-रविवार लवकर भरतात, मधल्या वारी गेलात तर घरच्यांशी बोलायला जास्त वेळ मिळतो. आणि बुकिंगचे फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा ते बागेत असतात.